बाई कैरोला निघाल्या



जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, ‘आर्रिवेदेर्ची’ आणि ‘आद्दीओ’. दोन्ही शब्द निरोपाचेच. पहिला पुन्हा भेट होणार असेल तेव्हाचा, दुसरा कायमचा. माझ्या शेजारी बसणाऱ्या मिसरी बहिणीने लगेच हात वर केला. “मग आज आम्ही तुम्हाला कोणता म्हणायचा?” बाई हसल्या, पण उत्तर काही त्यांनी दिले नाही. फळा पुसून त्या वह्या गोळा करू लागल्या.

आमचा हा वर्ग इटलीतल्या पेरुज्या शहरात भरतो. डोंगरमाथ्यावर वसलेले जुने गाव. खालून वर चौकात यायचे तर जुन्या किल्ल्याच्या पोटातून सरकत्या जिन्यांनी यावे लागते. शाळा प्रौढांसाठीची, सरकारी, संध्याकाळची. वर्गात मोरोक्कोच्या तिघी, बांगलादेशचे एक जोडपे, अल्बानियाची एक आजी, मिसरी बहीण आणि मी. इथे कायम राहण्याचा परवाना हवा असेल तर ‘ए-टू’ पातळीची इटालियन येते हे दाखवावे लागते. नागरिकत्वासाठी २०१८ पासून त्याच्याही वरची ‘बी-वन’ पातळी लागते. म्हणून आम्ही सगळे घरची कामे उरकून, कुणी कडेवर मूल घेऊन, हजर असतो.

बाईंचे वय चौतीस. साहित्यातली पदवी, त्यावर भाषा शिकवण्याचे प्रमाणपत्र, आणि शिकवणे इतके मनापासून की आमची मोरोक्कन आजारी असूनही वर्ग चुकवत नसे. पण नोकरी वर्षावर्षाची. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये यादीतून नाव निघाले तर काम, आणि ३० जूनला करार संपला की संपले. मग बेकारीच्या भत्त्याचा अर्ज भरायचा आणि पुढच्या यादीची वाट बघायची. परदेशी लोकांना इटालियन शिकवणाऱ्या शिक्षकांचा वेगळा वर्ग इथल्या सरकारी शाळांत २०१६ मध्ये तयार झाला, पण जागा थोड्या आणि उमेदवार फार. सात वर्षे अशी काढल्यावर बाईंनी ठरवले की आता बाहेर काम शोधायचे.

हे ऐकून आम्ही थोडे गप्पच झालो. आम्ही पोटापाण्यासाठी ज्या देशात आलो, त्या देशातली शिकलेली मुलगी पोटापाण्यासाठी बाहेर निघाली होती. बाईंना मात्र त्यात नवल वाटत नव्हते. त्यांचे आजोबा अब्रुत्सो प्रांतातले. १९४६ मध्ये इटलीने बेल्जियमशी करार केला होता. इटलीने खाणीत उतरायला माणसे पाठवायची, बेल्जियमने कोळसा द्यायचा. त्या करारात आजोबा गेले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी मार्सिनेलच्या खाणीला आग लागून २६२ माणसे गेली, त्यातली १३६ इटालियन होती. आजोबा दुसऱ्या खाणीत असल्याने वाचले. “आमच्या घरात कुणीतरी बाहेर असतंच,” बाई म्हणाल्या. मला आमचा खेड-दापोलीकडचा मुलूख आठवला. तिथेही घरटी एकजण आखातात असतोच.

काम कुठे कुठे मिळते

काम शोधायला निघाल्यावर बाई दर आठवड्याला काय घडले ते आम्हाला सांगत. त्यातून या व्यवसायाची जी ओळख झाली, ती तुम्हाला सांगते.

पहिला रस्ता तरुणांचा. इटलीचे शिक्षण मंत्रालय दरवर्षी ऑस्ट्रिया, फ्रान्स, जर्मनी, स्पेन, आयर्लंड अशा देशांतल्या शाळांत भाषा-सहायक पाठवते. तिथल्या शिक्षकाच्या बरोबरीने वर्गात उभे राहायचे, मुलांना बोलते करायचे. अनुभवासाठी उत्तम, पण वय तिशीच्या आत हवे. बाईंची ती वेळ टळून गेली होती.

दुसरा रस्ता परराष्ट्र मंत्रालयाचा. ते परदेशातल्या इटालियन शाळांत आणि विद्यापीठांत शिक्षक पाठवते. पगार चांगला, मान मोठा. पण निवड होते ती आधीपासून सरकारी नोकरीत कायम असलेल्यांची. म्हणजे जिच्याकडे कायम नोकरी नाही म्हणून जी बाहेर निघाली आहे, तिलाच हे दार बंद.

तिसरा रस्ता सांस्कृतिक संस्थांचा. इटली सरकारच्या ऐंशीहून जास्त सांस्कृतिक संस्था जगभर आहेत. कैरोत एक आहे, ट्युनिसमध्ये आहे, दिल्लीतही आहे. शिवाय १८८९ मध्ये स्थापन झालेली दान्ते अलिगिएरी सोसायटी आहे, तिच्या शेकडो समित्या देशोदेशी इटालियनचे वर्ग चालवतात. मात्र अशा संस्थांत शिक्षक बहुधा स्थानिक पातळीवर, अभ्यासक्रमापुरते घेतले जातात. जितके वर्ग भरतील तितके तास, जितके तास तितके पैसे. जर्मनीत गावोगावी प्रौढांसाठी लोकविद्यालये आहेत आणि तिथे इटालियनला चांगली मागणी असते, पण हिशोब पुष्कळदा तासांचाच. नवऱ्याची किंवा बायकोची दुसरी नोकरी असेल तर हे जमते. एकटीने त्यावर भाडे भरणे कठीण.

चौथा रस्ता खासगी शाळांचा आणि भाषावर्गांचा. सर्वात जास्त जागा इथेच, आणि डोळे उघडे ठेवायची गरजही इथेच.

बाईंनी तिरानाचाही विचार केला होता. आमची अल्बानियाची आजी म्हणाली, “तिथे जाऊन काय शिकवणार? आम्ही कम्युनिस्टांच्या काळात चोरून इटलीचा टीव्ही बघत इटालियन शिकलो.” ते खरेच आहे. तिथे इटालियन बोलणारे इतके की इटालियन कंपन्यांची कॉल सेंटर तिरानात चालतात. तिथे बोलायला शिकवणारी बाई नको असते, परीक्षेची तयारी करून घेणारी हवी असते. ट्युनिशियात माध्यमिक शाळेत इटालियन हा ऐच्छिक विषय आहे, पण त्या जागांवर तिथलेच पदवीधर असतात. शेवटी नजर मिसरवर ठरली.

मिसर आणि इटालियन यांचे नाते जुने आहे. कैरोच्या बुलाक छापखान्याचे पहिले पुस्तक १८२२ मध्ये छापले गेले, ते इटालियन-अरबी शब्दकोशच होते. १८३५ मध्ये रिफाआ अत-तहतावी यांनी कैरोत भाषांची शाळा काढली. तिचेच नाव आज ऐन शम्स विद्यापीठातली ‘अल-अल्सुन’ ही भाषाविद्याशाखा चालवते, आणि तिथे इटालियनचा विभाग आहे. कैरो आणि अलेक्झांड्रियात सेल्सियन पाद्र्यांच्या तांत्रिक शाळा आहेत, तिथे मुले यंत्रकामाबरोबर इटालियन शिकतात. शर्म अल-शेखला इटालियन पर्यटकांची वर्दळ असल्याने गाइड आणि हॉटेलवाले ही भाषा शिकतात. कुणाला इटलीच्या विद्यापीठात जायचे असते, तर कुणाचे शोहर मिलानमध्ये असतात. भाषेची गरज अशी घराघरातून येते.

बोलता येणे वेगळे, शिकवता येणे वेगळे

इथे मी बाईंना एक भाबडा प्रश्न विचारला. “तुमची तर ही मादरी ज़बान. मग प्रमाणपत्र कशाला?”

बाईंनी सांगितले, की शिकवायला लागल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका विद्यार्थ्याने विचारले, ‘रोमला जातो’ म्हणताना ‘आ’ आणि ‘इटलीला जातो’ म्हणताना ‘इन’ असे का? बाईंच्या तोंडून निघाले, “असंच असतं.” त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. शहराला ‘आ’ आणि देशाला ‘इन’, हा नियम त्या आयुष्यभर पाळत होत्या, पण तो नियम आहे हेच त्यांना माहीत नव्हते.

ही गोष्ट मला पटली, कारण आमच्या खालच्या मजल्यावरची बांगलादेशी भाबी माझ्याकडून गंमत म्हणून मराठी शिकते. तिने एकदा विचारले, “तो चहा आणि ती कॉफी, असं का?” माझ्याकडे उत्तर नव्हते. चाळीस वर्षे मराठी बोलून!

म्हणून परदेशातल्या चांगल्या शाळा फक्त ‘जन्माने इटालियन’ एवढ्यावर नोकरी देत नाहीत. सिएनाच्या विद्यापीठाचे ‘दितल्स’, पेरुज्याचे ‘दिल्स’ आणि व्हेनिसचे ‘चेदिल्स’ ही शिकवणाऱ्यांची प्रमाणपत्रे आहेत. दितल्सच्या वरच्या परीक्षेत पाठ्यपुस्तक तपासायला देतात, स्वतः धडा तयार करायला लावतात, भाषा शिकवण्याच्या शास्त्रावर प्रश्न असतात आणि वर्गात कसे बोलता हेही पाहतात. शिकणाऱ्यांच्या परीक्षा वेगळ्या आहेत. त्या परीक्षांची तयारी करून घेणाऱ्या शिक्षकाला परदेशात मागणी असते, कारण विद्यापीठाचे किंवा परवान्याचे काम त्या कागदावर अडलेले असते.

आणि विद्यार्थी कुठून आला आहे, हेही शिक्षकाला कळावे लागते. इटालियनमध्ये जोडाक्षरावर जोर फार महत्त्वाचा. ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात. ‘नोनो’ म्हणजे नववा आणि ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. बाई सांगत, की जर्मन विद्यार्थ्यांना हे शिकवताना महिने जातात. आमच्या मोरोक्कन बहिणींना पहिल्या दिवशी जमले. का? अरबीत तश्दीद आहे! मलाही जमले. लहानपणी मौलवीसाहेबांनी तश्दीद सोडली म्हणून हातावर दिलेली छडी पेरुज्यात कामी आली. मी बाईंना अरबी अक्षरावरची ती तीन दातांची खूण काढून दाखवली, तेव्हा त्यांनी ती वहीत उतरवून घेतली. उलट ‘प’ अरबी बोलणाऱ्यांना जड जातो. आमची मिसरी बहीण ‘पाने’ म्हणजे पाव मागायला जाते आणि ‘बाने’ मागून येते. शिवाय अरबीत ज़बर, ज़ेर, पेश हे तीनच स्वर लिहिले जातात, त्यामुळे ‘ए’ आणि ‘इ’ची, ‘ओ’ आणि ‘उ’ची अदलाबदल होते. पुढे कैरोच्या शाळेने ऑनलाइन नमुना धडा घ्यायला सांगितला, तेव्हा बाईंनी ‘प’ आणि ‘ब’ हाच धडा घेतला. शाळा खूश झाली. ही शिकवणी बाईंना आमच्या वर्गात मिळाली होती.

स्वयंपाकघरातली बैठक

ऑफर आली. कैरोतल्या एका खासगी भाषाशाळेची. आनंद सांगायला बाई आमच्या मिसरी बहिणीच्या घरी आल्या, मीही तिथे होते. पुदिन्याचा चहा झाला. बहिणीने विचारले, “कागद आणलाय?”

बाईंनी मोबाइलवर करार उघडला. आठवड्याला चोवीस तास शिकवणे. पगार मिसरी पौंडात. राहायला दुसऱ्या शिक्षिकेबरोबर खोली. पर्यटक व्हिसावर यावे, बाकीचे आल्यावर बघू. वर्षाच्या आत सोडल्यास विमानाचे भाडे परत करावे लागेल.

बहिणीने चहाचा ग्लास खाली ठेवला. “पौंडात?” मग तिने हिशोब मांडला. मार्च २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला पावणेसोळा पौंड पडत होते. मार्च २०२४ मध्ये सरकारने दर मोकळा सोडला आणि ते पन्नाशीच्या आसपास गेले. तिच्या दिराचा पगार आकड्यात वाढला होता, पण घरात येणारे सामान कमी झाले होते. “तुम्हाला आईला पैसे पाठवायचे आहेत ना? मग आकडा बघू नका, कोणत्या चलनात आहे ते बघा.”

व्हिसाचे ऐकून मला माझे अब्बा आठवले. ते सोळा वर्षे मस्कतला होते. पहिल्या खेपेला कागदावर काम एक होते आणि तिथे गेल्यावर निघाले दुसरे. पासपोर्ट मालकाच्या कपाटात. आजी अल्लाहला प्यारी झाली तेव्हा मिट्टीला पोहोचता आले नाही, कारण कपाटाची किल्ली सुटीवर गेली होती. त्यानंतर आमच्या मोहल्ल्यातून कुणीही आखातात निघाला की अब्बा त्याचा कागद बघितल्याशिवाय त्याला सोडत नसत. आलीमोठी बॅग भरलेली असली तरी म्हणत, “आधी व्हिसा दाखव, कोणत्या कामाचा आहे.” मी ते बाईंना सांगितले. त्या ऐकत राहिल्या. पदवी, प्रमाणपत्रे, युरोपचा पासपोर्ट, सगळे होते त्यांच्याकडे. पण आपण ‘परदेशी कामगार’ होणार आहोत, हे त्यांच्या मनात आले नव्हते. त्या स्वतःला शिक्षिका समजत होत्या.

मग आम्ही दोघींनी, ज्यांना अजून क्रियापदाचा भूतकाळ नीट येत नाही, बाईंना प्रश्न लिहून दिले.

एक, कामाचा परवाना कोण काढणार, कधी, आणि त्याचा खर्च कोणाचा? दोन, पगाराचा काही भाग युरोत मिळेल का? तीन, चोवीस तास म्हणजे फक्त वर्गातले का? वह्या तपासणे, परीक्षा आणि सभा त्यात धरल्या आहेत का? आणि उन्हाळ्याच्या सुटीत पगार चालू राहील का? चार, आजारी पडल्यास काय? कारण इटलीबाहेर वर्षाहून जास्त राहणाऱ्या इटालियनला परदेशस्थांच्या नोंदवहीत नाव घालावे लागते, आणि मग इथली नेहमीची सरकारी आरोग्यसेवा तशी राहत नाही. पाच, मध्येच सोडून यावे लागले तर काय काय भरावे लागेल, आणि पासपोर्ट माझ्याजवळच राहील ना?

बाईंनी तिथेच पत्र लिहिले. त्यात अदब इतकी घातली की प्रश्न शोधावे लागत होते. बहीण म्हणाली, “बाई, हे लग्नाचं आमंत्रण आहे का? सरळ विचारा.” तेवढे एक पत्र आमच्या वर्गाने बाईंचे तपासले.

उत्तर नऊ दिवसांनी आले. करार आहे तसाच राहील, यायचे तर या. इकडे ३० जून उलटून गेला होता, हाती काही नव्हते. बाईंच्या अम्मीने फोनवर रडून विचारले, आलेली नोकरी कशी सोडतेस? बाईंनी नकार कळवला आणि दोन दिवस कुणाचा फोन घेतला नाही. खरे सांगते, ते दोन दिवस मलाही झोप नव्हती. आमच्या सांगण्यावरून एका मुलीची रोजी गेली, हेच डोक्यात.

अल्हमदुलिल्लाह, ऑगस्टमध्ये कैरोतल्याच दुसऱ्या शाळेकडून बोलावणे आले. एकूण रक्कम पहिल्यापेक्षा थोडी कमी. पण तिचा एक भाग युरोत, परवान्याची कागदपत्रे निघण्याआधी सुरू, सुटीचा पगार लिहून दिलेला, आणि आरोग्य विमा. बाईंनी पुन्हा तेच पाच प्रश्न विचारले होते, आणि या शाळेने चौथ्या दिवशी एकेकाचे उत्तर दिले. बाई सप्टेंबरच्या अखेरीस गेल्या. स्टेशनवर आम्ही सगळे गेलो होतो. मिसरी बहिणीने आपल्या आईचा पत्ता आणि एक डबा दिला, आणि बजावले की जुम्म्याला दुपारी तिथेच जेवायला जायचे.

परवा बाईंचा आवाजी संदेश आला. वर्गात अकरा जण आहेत. दोन मुली इटलीत वास्तुशास्त्र शिकायला निघाल्या आहेत, एक लक्सरचा गाइड आहे, आणि एक तरुण आई आहे जिचे शोहर मिलानला आहेत आणि जिला ‘पाने’ म्हणता येत नाही. “तुम्हा सगळ्यांची आठवण येते तिला बघून,” बाई म्हणाल्या.

आणि एक गंमत. सकाळी खिडकीखाली एक भंगारवाला हातगाडी घेऊन ओरडत जातो, “रोबाबेकिया!” पहिल्या दिवशी बाई दचकून उठल्या. कारण ‘रोबा वेक्किया’ हे शब्द त्यांच्याच भाषेतले, अर्थ जुने सामान. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिसरमध्ये राहणाऱ्या इटालियनांच्या तोंडचे ते शब्द कैरोच्या गल्लीत राहून गेले. दुकानात बिलाला ‘फातुरा’ आणि कोळंबीला ‘गंबरी’ म्हणतात, तेही इटालियनच. मी बाईंना कळवले, की उलटही घडले आहे. तुमचे ‘त्सुक्केरो’, ‘लिमोने’ आणि ‘अरांचा’ अरबांकडून आले, आणि त्याच्याही आधी ते आमच्या बाजूचे साखर, लिंबू आणि नारिंग होते.

तुमच्या घरात कुणी परदेशी नोकरीला निघाले असेल, मग ते गवंडी असो की प्राध्यापक, तर बॅग भरण्याआधी हे पाच प्रश्न कागदावर लिहून विचारा आणि उत्तरही कागदावरच घ्या. उत्तर द्यायला जो मालक नाराज होतो, त्याच्याकडे गेल्यावर काय होईल याचा अंदाज तिथेच येतो.

बाईंच्या संदेशाचा शेवट ऐकायला आम्ही साऱ्याजणी मोबाइलभोवती जमलो होतो. त्या म्हणाल्या, “आर्रिवेदेर्ची.” ‘र’वरची तश्दीद अगदी स्पष्ट.

दुआंत याद ठेवा. पुढच्या महिन्यात भेटूच, इन्शाअल्लाह.